सॉनेट म्हणजे सुनीत

शाळेत असताना इंग्रजीच्या पेपरात 'फिगर ऑफ स्पीच ओळखा' असा एक प्रश्न हमखास असायचा. त्याची तयारी करायची आमची पद्धत ठरलेली होती. ओळीत 'लाइक' किंवा 'ॲज' दिसले की सिमिली. नाही दिसले की मेटाफर. एकच अक्षर लागोपाठ आले की अलिटरेशन. आणि काहीच उमगले नाही तर पर्सॉनिफिकेशन ठोकून द्यायचे! (सिमिलीला निम्मा वर्ग 'स्माईल' म्हणायचा, ते वेगळेच.) वहीच्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने करायचे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी, मध्ये बरोबरची खूण. सिमिली बरोबर उपमा. मेटाफर बरोबर रूपक. पन बरोबर श्लेष. सॉनेट बरोबर सुनीत. झाले, विषय संपला.

आमच्या घरात या दोन रकान्यांच्या तीन पिढ्या झाल्या. आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या वेळी मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचे. मला पाचवीपासून होते. माझ्या मुलीला पहिलीपासून, कारण २००० साली सरकारने तसा निर्णय घेतला. आण्णा एस.एस.सी.ला इंग्रजीत दोनदा गेले आणि मग एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर म्हणून लागले. इंग्रजी मजकूर आला की अक्षराला अक्षर लावून खिळे जुळवायचे. स्पेलिंग चुकायचे नाही, पण अर्थ कळायचा नाही. म्हणून त्यांनी एक वही केली होती. कामात आलेला प्रत्येक अडलेला शब्द त्यात उतरवायचा आणि सवड मिळेल तेव्हा वीरकरांच्या डिक्शनरीत बघून पुढे अर्थ लिहायचा. रकाने तेच, खूण तीच.

मला बरीच वर्षे वाटायचे की हे मराठी प्रतिशब्द पूर्वीपासून असेच तयार पडलेले असणार. इंग्रज आले, त्यांनी त्यांचे शब्द काढले, आपण आपले काढले, जोड्या लावल्या. पुढे वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की या जोड्यांतल्या निम्म्याच तशा आहेत. उपमा, रूपक, श्लेष, अनुप्रास, अतिशयोक्ती ही मंडळी संस्कृत अलंकारशास्त्रातून आलेली, जुनी आणि घरंदाज. पण तिथेही गफलत आहेच. संस्कृतात 'रूपक' हा अलंकार आहे, तसेच नाटकालाही रूपकच म्हणतात. 'यमक' म्हणजे मुळात तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा येणे. मराठीत त्याचा अर्थ सरकून ओळीच्या शेवटचा प्रास असा झाला. आणि नॉव्हेल, ट्रॅजेडी, सॉनेट, एसे यांना तर आपल्याकडे जोडीदारच नव्हता. नॉव्हेलसाठी आपण सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या एका पुस्तकाचे नावच उचलले, कादंबरी! बाकीच्यांसाठी कुणाला तरी बसून शब्द शोधावा लागला. आणि या शोधाशोधीतला बराच भाग आमच्या कोल्हापुरात झाला, हे मला शाळेत कुणी सांगितले नव्हते.

कोल्हापूरचे इंग्रजीशी नाते तसे जुने. आजचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० साली सुरू झाले ते 'नेटिव्ह लायब्ररी' या नावाने. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला त्यांचे निधन झाले तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते. त्यांची इंग्रजी रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित केली आणि १८७२ साली ती लंडनला छापली गेली. त्यांच्याच नावाचे राजाराम कॉलेज १८८० सालचे. गोपाळ कृष्ण गोखले १८८१ साली कोल्हापुरातून मॅट्रिक झाले. इंग्रजी उतारेच्या उतारे मुखोद्गत करण्याची त्यांची सवय प्रसिद्ध आहे. म्हणजे पाठांतराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. त्यातून गोखलेही निघू शकतात.

पण मला सांगायचे आहे ते माधव जूलियनांबद्दल. माधव त्रिंबक पटवर्धन १९२८ ते १९३९ राजाराम कॉलेजात होते. शिकवायचे फार्सी. इंग्रजी काव्यात मुरलेले आणि लिहायचे मराठीत. तीन भाषा एकाच डोक्यात नांदत होत्या. त्यांचा फार्शी-मराठी कोश १९२५चा, म्हणजे कोल्हापूरला येण्याआधीचा. टोपणनावातला 'जूलियन' इंग्रजी साहित्यातून घेतलेला.

सॉनेट मराठीत आणले केशवसुतांनी. १८९२ सालची 'मयूरासन आणि ताजमहाल' ही पहिली मानतात. त्यांनी या प्रकाराला 'चतुर्दशक' म्हटले. अगदी चोख शब्द, चौदा ओळींचे ते चतुर्दशक. पण तो टिकला नाही. पुढे पुण्यातल्या रविकिरण मंडळाच्या काळात (मंडळ १९२३चे, माधव जूलियन त्यातले एक प्रमुख) 'सुनीत' हा शब्द रूढ झाला. हा शब्द मला फार आवडतो. कानाला तो सॉनेटसारखा लागतो आणि संस्कृतात त्याचा अर्थ होतो 'नीट नेलेले'. चौदा ओळींत विचार वळवत शेवटापर्यंत नीट न्यायचा, हेच तर त्या प्रकाराचे काम! चतुर्दशक ओळी मोजतो, सुनीत कविता काय करते ते सांगतो.

आता शब्द मिळाला, पण कविता कशी लिहायची? इंग्रजी सॉनेटची ओळ दहा अक्षरांची आणि आघातावर चालणारी. एक अक्षर हलके, एक जोराचे, अशा पाच जोड्या. मराठीत असा आघात नाही. आपल्याकडे अक्षर लघू तरी असते नाहीतर गुरू. तेव्हा कवींनी काय केले, तर बहुतेक सुनीते शार्दूलविक्रीडितात घातली. ओळीला एकोणीस अक्षरे, बारा अक्षरांनंतर विराम. कवितेचा आराखडा इटलीहून इंग्लंडमार्गे आलेला, चाल मात्र मंगलाष्टकांची! लग्नात अक्षता टाकताना ऐकतो तीच. 'सॉनेट बरोबर सुनीत' लिहिताना मधल्या त्या दोन आडव्या रेघांत हे सगळे दडपून जाते.

माधव जूलियनांनी या सगळ्याचा हिशोब मांडायला घेतला तो 'छंदोरचने'त. पहिली आवृत्ती १९२७ची. कोल्हापूरच्या वास्तव्यात त्यांनी ते पुस्तक जवळजवळ नव्याने लिहिले आणि १९३७ साली ते आले. वृत्त, जाती आणि छंद अशी मराठी पद्याची वर्गवारी, ओव्या-अभंगांपासून फार्सीच्या गज्जलापर्यंत. १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यावर त्यांना डी.लिट. दिली.

आणि त्याच वर्षी त्यांचे 'भाषाशुद्धि-विवेक' निघाले! ज्या माणसाने फार्सीचा कोश केला, गज्जल मराठीत आणली, तो परके शब्द मराठीतून काढावेत म्हणू लागला, आणि आपल्याच जुन्या कवितांतले असे शब्द वेचून त्या बदलू लागला. यावर खूप वाद झाले आहेत. माझे मत विचाराल तर त्या कवितांचे नुकसानच झाले. पण सक्ती दुसऱ्यांवर आणि सवलत स्वतःला, असा प्रकार नव्हता. त्यांनी कात्री आधी स्वतःच्या लिखाणाला लावली. नावातला 'जूलियन' तेवढा राहिला. असो.

त्याच काळात त्याच कॉलेजात ना. सी. फडके तर्कशास्त्र शिकवत होते. इंग्रजीतला पर्सनल एसे त्यांनी मराठीत आणला, त्याला 'गुजगोष्टी' म्हटले. त्या नावाचे पुस्तक १९३३चे. पुढे या प्रकाराला लघुनिबंध हे नाव चिकटले. मला गुजगोष्ट जास्त बरा वाटतो. लघुनिबंध म्हटले की दहा ओळींत गाय आठवते. आणि १९३८ साली शिरोड्याची शाळा सोडून वि. स. खांडेकर कोल्हापूरला आले. त्यांनी जो प्रकार रुजवला त्याचे नाव रूपककथा. तीन माणसे, तिघेही मास्तर, आणि शब्द रुळले ते त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनी तशा वस्तू आधी लिहून दाखवल्या म्हणून.

समित्यांनीही शब्द केले. भाषा संचालनालयाचा साहित्य समीक्षेचा परिभाषा कोश आहे, उपयोगीही आहे. पण काही शब्द अजून बेघरच आहेत. त्यातला सगळ्यात अवघड म्हणजे आयरनी. उपरोध म्हणावे तर त्यात टोचण्याचा हेतू आला. वक्रोक्ती म्हणावे तर ती संस्कृतातली मोठी गोष्ट. व्याजस्तुती म्हणजे फक्त खोटी स्तुती. प्रत्येक शब्द थोडा आखूड पडतो.

आण्णांच्या वहीत हा शब्द आहे. 'आयरन' त्यांना येत होता. त्यामुळे पुढे लिहिले होते, 'लोखंडी' आणि पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. नंतर केव्हातरी ते खोडून निळ्या शाईत लिहिले: 'बोलायचे एक, अर्थ उलटा. उदा. लई शाना हाईस.'

डिक्शनरीत असले उदाहरण असणे शक्यच नव्हते. मी त्यांना विचारले, "आण्णा, हे तुम्हाला कुठं मिळालं?"

"मिळायचं काय त्यात," ते म्हणाले, "फोरमन रोज म्हणायचा की मला."