‘हरित हायड्रोजन’ खरंच नवीन आहे का?

पीएचडीच्या प्रस्तावाचा पहिला मसुदा लिहिताना मी एक वाक्य बिनधास्त ठोकून दिलं होतं: ‘हरित हायड्रोजन हे नवे तंत्रज्ञान आहे.’ मार्गदर्शकांनी ‘नवे’भोवती पेन्सिलीने गोल केला आणि समासात एकच शब्द लिहिला: ‘नांगल?’

आधी मूळ गोष्ट समजून घ्या. पाण्यातून वीज सोडली की हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात. हेच विद्युत अपघटन. त्यासाठीची वीज जल, वारा किंवा सूर्यापासून आली, तर त्या हायड्रोजनला आज आपण ‘हरित’ म्हणतो. नॉर्वेत वेमोर्क इथे नॉर्स्क हायड्रो कंपनी १९२९ च्या सुमारास हेच करू लागली होती. धबधब्याची वीज, त्यातून हायड्रोजन, त्यापासून अमोनिया आणि मग खत.

आपल्याकडेही पंजाबात नांगलला १९६० च्या दशकात भाक्रा-नांगलच्या जलविजेवर असाच खत कारखाना चालत होता. अपघटनात साधा हायड्रोजन लवकर निघून जातो आणि उरलेल्या पाण्यात ड्यूटेरियमचं प्रमाण वाढतं. म्हणूनच देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्प १९६२ मध्ये तिथेच सुरू झाला.

मग हे सगळं मागे का पडलं? तंत्र फसलं म्हणून नाही. एक किलो हायड्रोजनला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या विजेला इतर गिऱ्हाइकं वाढली आणि नैसर्गिक वायू, नाफ्था, इंधन तेल यांपासून हायड्रोजन स्वस्तात मिळू लागला. वेमोर्कचा हायड्रोजन कारखाना १९७१ मध्ये बंद झाला. नांगलला १९७८ मध्ये इंधन तेलावरचा नवा कारखाना आला.

आता आजकडे या. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं. तेव्हा ठेवलेलं उद्दिष्ट होतं २०३० पर्यंत वर्षाला किमान ५० लाख टन. किलोला ५० युनिट धरून स्वतः हिशेब करून बघा: २५,००० कोटी युनिट! ही वीज नव्याने तयार होणार, की घराघरांत आणि शेतांत जाणाऱ्या विजेतूनच वळवली जाणार? वळवली, तर त्या जागी कोळसा जळेल आणि ‘हरित’ हे नाव कागदावरच राहील.

तेव्हा प्रस्तावात ‘नवीन’ लिहिण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे आधी कुणी केलं होतं? आणि मग का थांबवलं? माझा संशोधनप्रश्न मला दुसऱ्या प्रश्नात सापडला.