शाळेच्या इमारतीचा पैसा

सरकारी दप्तरात नव्या शाळेच्या कोनशिलेची नोंद सहज सापडते. जुन्या शाळेचे छप्पर कोणी, केव्हा शाकारले, हे मात्र फार शोधूनही हाती लागत नाही. बंगळूरच्या शाळांचा इतिहास चाळताना हा अनुभव पदोपदी येतो.

१८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षणसंस्थांना अनुदान देण्याचे तत्त्व सांगितले, त्यात शाळेची इमारत उभारणे आणि दुरुस्त करणे ही दोन्ही कामे एकाच दमात उल्लेखिली होती. पुढे ही जोडी फुटली. म्हैसूर संस्थानात १८५७ मध्ये शिक्षणखाते निघाले आणि दुसऱ्याच वर्षी बंगळूरला सरकारी हायस्कूल सुरू झाले. त्याचेच नंतर सेंट्रल कॉलेज झाले. किल्ल्याजवळचे फोर्ट हायस्कूल १९०७ चे. त्या वेळी दिवाणपदी व्ही. पी. माधवराव होते, म्हणजे तंजावरकडच्या मराठी घराण्यातला कुंभकोणमचा गृहस्थ! त्या काळच्या संस्थानी बांधकामाला एक प्रकारचा डौल होता आणि भिंतीही जाड होत्या. अशा वास्तू शतकभर तग धरतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे लक्ष द्यावे असे कोणालाही वाटत नाही.

खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये आपल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात स्पष्टपणे मांडला. सक्ती करणाऱ्या स्थानिक संस्थेने एक भाग द्यावा, सरकारने दोन भाग द्यावे, अशी त्यांची वाटणी होती. मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडले. म्हैसूरने मात्र १९१३ मध्ये, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला. ब्रिटिश मुलखाने नाकारलेली गोष्ट एका संस्थानाने अंगीकारावी, हे मोठे बोलके आहे.

स्वातंत्र्यानंतर पंचवार्षिक योजना आल्या आणि हिशेबाची एक नवी रेघ ओढली गेली. नवे बांधकाम ‘योजनांतर्गत’ खर्चात, आणि उभ्या इमारतीची देखभाल ‘योजनेतर’ खर्चात! काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री योजनेतर खर्चाला लागे, हे सचिवालयात बसलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. गळती दुरुस्त करण्यापेक्षा इमारत पडू देऊन नवी मागणे सोपे, असा विपरीत न्याय त्यातून रूढ झाला. ही रेघ २०१७-१८ च्या अंदाजपत्रकापासून पुसली गेली. सवय काही इतक्या लवकर पुसली जात नाही. सर्व शिक्षा अभियानात बांधकामावर एकूण मंजूर रकमेच्या ३३ टक्क्यांची मर्यादा होती, आणि दुरुस्तीसाठी तीन वर्गखोल्यांपर्यंतच्या शाळेला वर्षाला ५,००० रुपये व मोठ्या शाळेला फार तर १०,००० रुपये मिळत. खेड्यातली चार कौले त्यात बदलतील. शहरातल्या दुमजली इमारतीच्या कुजलेल्या तुळईला एवढ्यात हातही लावता येत नाही.

२०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटक सरकारने ‘विवेक’ योजनेखाली ७,६०१ वर्गखोल्यांचे काम हाती घेतले. संकल्प स्तुत्य होता. वाद पेटला तो मात्र भिंतींना भगवा रंग द्यावा की नाही यावर. पाया, सळई, पावसाच्या पाण्याचा निचरा यांवर तितक्याच आवेशाने कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही.

आणि ९ ऑक्टोबर २०२३ रोजी पहाटे शिवाजीनगर भागातल्या महापालिकेच्या बालशाळेची इमारत कोसळली. मुले यायला अजून काही तासांचा अवधी होता, म्हणून अनर्थ टळला. २००४ मध्ये कुंभकोणमच्या शाळेतील आगीत ९४ मुले दगावली, तेथे असा अवधी मिळाला नव्हता. त्या प्रकरणावरून २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळेचा हक्क शिक्षणाच्या हक्कातच अंतर्भूत असल्याचा निर्वाळा दिला.

शिवाजीनगरची शाळा चालविणारी महापालिका २०२५ मध्ये संपुष्टात आली आणि तिच्या जागी पाच महापालिका झाल्या. मालमत्तेच्या अशा वाटणीत जमिनीचा इंचन् इंच मोजला जातो. त्याच मोजणीत प्रत्येक शाळेचे बांधकामाचे वर्ष आणि शेवटच्या दुरुस्तीचे वर्ष असे दोन रकाने वाढविले, तर त्याला वेगळे अनुदान लागणार नाही.