शेपटीची परीक्षा

निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधायचा, हे पुण्यातल्या बहुतेक आज्यांना माहीत असतं. ओढ्याकाठी, नदीकाठी हे झुडूप आपलं आपण वाढतं, म्हणजे औषधही फुकट. पण त्याने दुखणं खरंच कमी होतं का, हे प्रयोगशाळेत ठरवायचं कसं? उंदीर काही "आता बरं वाटतंय हो" असं सांगत नाही!

१९४१ साली डामूर आणि स्मिथ या दोघांनी एक युक्ती काढली. उंदराच्या शेपटीवर दिव्याचा उष्ण झोत टाकायचा आणि तो शेपटी झटकेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजायचं. औषध दिल्यावर वेळ वाढला, तर ते वेदनाशामक. १९४४ मध्ये वुल्फ आणि मॅक्डोनाल्ड यांनी छोटे उंदीर गरम पत्र्यावर ठेवले. पंजा चाटला की घड्याळ बंद. (वाचतानाही कसंतरी होतं. भारतात १९९८ च्या नियमांपासून अशा प्रयोगांना समितीची परवानगी लागते, ते बरंच आहे.)

या परीक्षेत मॉर्फिन पहिल्या नंबराने पास. आणि ॲस्पिरिन? शेपटीच्या पेपरात जवळजवळ नापास! जगभर डोकेदुखीवर घेतली जाणारी गोळी, आणि उंदराच्या शेपटीला तिचं काही नाही. १९५७ मध्ये रँडल आणि सेलिटो यांनी यीस्ट टोचून उंदराचा पंजा सुजवला आणि त्यावर दाब दिला, तेव्हा कुठे ॲस्पिरिनचा गुण दिसला. कारण ती मुख्यतः सुजेतून येणाऱ्या वेदनेवर चालते. तिचं काम नेमकं कसं चालतं, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट केसच चुकीची असेल तर चांगला कोडही फेल होतो. उलटही होतं. गुंगी आणणारं औषध दिलं तरी उंदीर पंजा चाटायला उशीर लावतो, आणि आपण म्हणतो, वा, वेदना गेली! म्हणून त्याला फिरत्या दांड्यावर उभं करून तोल राहतो का, हेही बघतात. शिवाय मज्जारज्जू वर तोडलेला उंदीरसुद्धा शेपटी झटकतो. मेंदूपर्यंत काही पोचलेलंच नसतं. मग घड्याळाने मोजलं ते काय? वेदना तर नक्कीच नाही, एक प्रतिक्षिप्त क्रिया.

आता निर्गुडी. २००५ मध्ये भारतात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या पानांचा अल्कोहोलमधला अर्क उंदरांना तोंडावाटे दिला होता. शेपटीच्या परीक्षेत ती पास झाली, आणि पोटात ॲसिटिक ॲसिड टोचल्यावर उंदीर किती वेळा पिळवटतो ते मोजायच्या परीक्षेतही. मॉर्फिनचा परिणाम पुसणारं नॅलोक्सोन देऊनही निर्गुडीचा परिणाम टिकला, म्हणजे तिची वाट अफूची नसावी.

मला हा निकाल आवडला. फक्त आजी अर्क पाजत नाही, तव्यावर गरम केलेला पाला बांधते. त्यात पाल्याचा गुण किती आणि शेकाचा किती, हे या शेपटीवरून कळत नाही. त्यासाठी एका गुडघ्याला निर्गुडी आणि दुसऱ्याला तितकाच गरम असा दुसरा कुठलातरी पाला बांधावा लागेल, आणि कुठला कुठे आहे हे आजीला सांगायचं नाही. वासावरून ती ओळखेल, हा भाग वेगळा.