महाकाय शिंपला : पिल्लाचे मत्स्यालयातील संगोपन

महाकाय शिंपले (प्रजाती ट्रायडॅक्ना व हिप्पोपस) हे हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उथळ प्रवाळभित्तींवर राहणारे द्विपुट मृदुकाय प्राणी आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठी जात ट्रायडॅक्ना गिगास. तिची लांबी एक मीटरहून अधिक व वजन २०० किग्रॅ.पेक्षा जास्त भरते, त्यामुळे ती घरगुती टाकीस अयोग्य ठरते. नवशिक्या पालकाला ट्रायडॅक्ना डेरासा त्यामानाने सोपी जाते. पलाऊ बेटांवर १९८० च्या दशकापासून तिची पैदास होत आली आहे. मात्र तीही सुमारे अर्धा मीटर वाढत असल्याने पुढे मोठ्या टाकीची सोय लागते.

पोषण : शिंपल्याच्या रंगीत प्रावारात (कवचाच्या आतल्या मांसल पडद्यात) सूक्ष्म सहजीवी शैवले राहतात. ती प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्याचा मोठा वाटा यजमानाला देतात. शिंपला कल्ल्यांनी पाणी गाळून वनस्पतिप्लवकही खातो. लहान वयात या गाळलेल्या अन्नाचा वाटा अधिक असतो. म्हणून सुमारे ५ सेंमी.पेक्षा लहान पिल्लाला केवळ दिव्यावर न ठेवता जिवंत वनस्पतिप्लवक नियमित द्यावे. पाण्यातील थोडे नायट्रेटही शैवलांना उपयोगी पडते.

पाणी व प्रकाश : कवच घडवण्यासाठी पिल्लू पाण्यातील कॅल्शियम व कार्बोनेट सतत शोषून घेते. तापमान २५–२७° से., क्षारता दर हजारी ३५ भाग आणि कॅल्शियम लिटरमागे ४००–४५० मिग्रॅ. राखावे. या आकड्यांइतकेच त्यांचे स्थैर्य महत्त्वाचे. म्हणून नव्याने उभारलेल्या टाकीत पिल्लू सोडू नये. प्रकाश तीव्र हवा, पण तो काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावा. तांबेयुक्त औषधे प्राणघातक ठरतात.

जागा : पाण्याचा मंद प्रवाह असावा, प्रावारावर थेट झोत पडू नये. पिल्लू तळातून चिवट धागे सोडून आधाराला चिकटते. ते ओढून काढल्यास धागे तयार करणारी ग्रंथी फाटते व पिल्लू दगावते. हलवायचेच असेल तर धागे आधाराजवळ पात्याने कापावेत. डेरासाचे पिल्लू सपाट दगडावर ठेवले, तर पुढे दगडासकट उचलता येते.

शत्रू व लक्षणे : तांदळाच्या दाण्याएवढ्या परजीवी गोगलगायी दिवसा कवचाखाली दडतात आणि रात्री शिंपल्याचा देहरस शोषतात. नवे पिल्लू टाकीत सोडण्यापूर्वी कवच मऊ ब्रशने घासून त्या व त्यांची चिकट अंडी काढावीत. बरेच एंजल मासे प्रावार कुरतडतात. फुललेला प्रावार, सावली पडताच मिटणारी कवचे व कडेला दिसणारी पांढरी नवी वाढ ही निरोगीपणाची चिन्हे होत. आक्रसलेला किंवा फिकटलेला प्रावार आणि सतत आ वासलेली कवचे दिसल्यास पाण्याची चाचणी ताबडतोब करावी.

संरक्षण : महाकाय शिंपल्यांच्या सर्व जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. लक्षद्वीप व अंदमान–निकोबार येथे आढळणाऱ्या ट्रायडॅक्ना मॅक्झिमाला भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. म्हणून भित्तीवरून उपटलेले पिल्लू कधीही घेऊ नये. पैदास केंद्रातले आणि कायदेशीर कागदपत्रे असलेलेच पिल्लू पाळावे.