सपोर्टेड लिव्हिंग

सपोर्टेड लिव्हिंग अथवा साहाय्यित निवास ही बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तींसाठी इंग्लंडमध्ये प्रचलित असलेली व्यवस्था आहे. तीत घराचा भाडेकरार व साहाय्याचा करार वेगवेगळे असतात. त्यामुळे सेवा पुरवणारी संस्था बदलली तरी घर सोडावे लागत नाही. २०११ मध्ये विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयातील रुग्णांचा छळ बीबीसीने उघडकीस आणल्यानंतर अशा निवासांवर अधिक भर देण्यात आला.

गुणवत्ता व नियमन

केअर क्वालिटी कमिशन ही नियामक संस्था सुरक्षितता, परिणामकारकता, आपुलकी, प्रतिसादशीलता व नेतृत्व या ५ निकषांवर सेवेची ४ पैकी एक श्रेणी ठरवते. मात्र स्नान, भोजन यांसारखी वैयक्तिक शुश्रूषाच तिच्या कक्षेत येते. निव्वळ स्वयंपाक वा खरेदीपुरते साहाय्य आणि घराची स्थिती या तपासणीबाहेर राहतात.