रंगीत तालमीचे अवशेष

मराठीत तालीम दोन ठिकाणी चालते. एक लाल मातीत, दुसरी नाटकवाल्यांची, पडदा वर जाण्याआधी. फौजेच्या सरावात या दोन्ही एकत्र येतात. अंगही तयार करायचे आणि प्रसंगही हुबेहूब उभा करायचा. खंदक खरे, बंदुका खऱ्या, चिखल तर खराच. शत्रू तेवढा मानलेला. ज्या माळांवर अशा तालमी झाल्या आणि एक दिवस बंद पडल्या, त्या माळांचे हे पुस्तक आहे.

रणांगणांवरचे ग्रंथ उदंड आहेत. सरावाच्या मैदानांकडे अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले, कारण तिथे कोणी जिंकले नाही, कोणी हरले नाही. मग पोवाडा कशाचा रचणार? पण सामान्य शिपाई प्रत्यक्ष लढाईत काही तास असतो, सरावात महिनोन्‌महिने. तो कसा घडवला गेला, आणि घडवला जात असताना तो काय करत होता, हे पाहायचे तर याच मातीत पाहावे लागते.

इंग्लंडमधल्या सॅलिसबरी प्लेनचे उदाहरण घेऊ. हा खडूच्या खडकाचा विस्तीर्ण माळ. १८९७ पासून ब्रिटिश युद्धखाते तिथल्या जमिनी विकत घेऊ लागले. लार्कहिल येथे अलीकडे सैनिकांसाठी घरे बांधायची ठरली, तेव्हा पाया खणण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञांनी ती जागा तपासली. पहिल्या महायुद्धातले सरावाचे खंदक आणि भुयारे तिथे निघाली. खंदक नागमोडी होते. सरळ चर खणला तर एका टोकाला उभा राहिलेला शत्रू सगळी रांग टिपू शकतो, हा धडा फ्रान्सला जाण्याआधीच फावड्याने गिरवून घेतलेला. भुयारांच्या पांढऱ्या भिंतींवर शिपायांनी नावे कोरली होती, शंभराच्या वर. त्यांत एक नाव लॉरेन्स वेदर्स या ऑस्ट्रेलियन शिपायाचे. २ सप्टेंबर १९१८ रोजी पेरॉनजवळ त्याने गाजवलेल्या पराक्रमासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला, पण ते कळायला तो उरला नव्हता; त्याच महिन्याच्या अखेरीस तो जखमांनी गेला. किल्ल्याच्या भिंतीवर नाव कोरणाऱ्याला आपण शिव्या घालतो, आणि त्या योग्यच आहेत. तरी लार्कहिलची ही भिंत पाहिल्यावर माझी जीभ जरा अडखळते.

याच माळावर इम्बर नावाचे गाव आहे. १ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना बोलावून सांगण्यात आले, की ४७ दिवसांत घरे रिकामी करा. युरोपात उतरण्यापूर्वी अमेरिकन फौजेला गल्लीबोळांतल्या लढाईचा सराव करायचा आहे. गावकरी गेले. राहायला परत कोणी आले नाही. सेंट जाइल्सचे चर्च अजून उभे आहे, वर्षातले मोजके दिवस लोकांना तिथवर जाऊ देतात. नवख्या अभ्यासकाने इम्बरला एकदा तरी फसावे, असे मला वाटते. रस्त्याच्या कडेला विटांची, खिडक्या-दारे नसलेली घरे दिसतात आणि गलबलून येते. अरेरे, इथे कोणाची चूल पेटत असेल! त्यांतल्या अनेक घरांत चूल कधीच पेटलेली नाही. उत्तर आयर्लंडला पाठवायच्या सैनिकांच्या सरावासाठी सैन्याने ती १९७० च्या दशकात मुद्दाम पोकळ बांधली. खरे उजाड घर कोणते आणि नेपथ्य कोणते, हे विटेवरून, चुन्यावरून, जुन्या नकाशावरून ठरवावे लागते. आमच्या विषयातले निम्मे काम हेच आहे.

तालीम म्हटली की सगळे लुटुपुटीचे, असाही समज नको. इम्बरजवळच १३ एप्रिल १९४२ रोजी हवाई हल्ल्याचे प्रात्यक्षिक होते. हवा धूसर होती. एका वैमानिकाने प्रेक्षकांनाच लक्ष्याचे पुतळे समजून गोळीबार केला. २५ माणसे मेली, ७१ जखमी झाली.

इंग्लंडमधल्याच स्टॅफर्डशरमध्ये, कॅनक चेसच्या माळावर, न्यूझीलंडच्या पलटणीच्या तळावर मेसीन या बेल्जियन गावाची काँक्रीटची छोटी प्रतिकृती उभारलेली होती, घरे आणि खंदकांसकट. मेसीनची लढाई जून १९१७ मध्ये होऊन गेली होती; हा देखावा त्यानंतरचा. २०१३ मध्ये तो उकरून, मोजून, टिपून पुन्हा मातीने झाकला. झाकला हे फार बरे केले. काँक्रीटला उघड्यावरचा हिवाळा सोसत नाही.

आता जरा घराजवळ येऊ. आज जिथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, त्या खडकवासल्याच्या तलावाकाठी दुसऱ्या महायुद्धात समुद्रकिनाऱ्यावर उतरण्याचा सराव चाले, आणि त्यासाठी काठावर एक खोटे जहाज उभारलेले होते. सह्याद्रीच्या या बाजूला, समुद्र नजरेच्या टप्प्यात नसताना!

आणि पुंगळ्या. पॉइंट ३०३ रायफलच्या काडतुसाचे बूड उलटे करून पाहिले, तर कारखान्याची खूण, सालाचे आकडे आणि काडतुसाचा प्रकार असे ठसे दिसतात. ‘के’ आणि ‘एफ’ ही रोमन अक्षरे असतील, तर ते खडकीच्या कारखान्यातले. हा कारखाना १८६९ चा. तोंडाशी चुण्यांच्या खुणा असतील, तर ते ब्लँक काडतूस, म्हणजे आवाज खरा आणि गोळी नाही. कॉलेजात असताना पुणे जिल्ह्यातल्या एका जुन्या चांदमारीच्या माळावर मला अशी एक पुंगळी सापडली. खडकीचीच, साल ४३. मी ती उचलून खिशात टाकली. नेम धरण्याच्या जागेजवळ पडली होती, की मागच्या बांधाशी? एकटी होती, की दहा-बारांच्या घोळक्यात? तेव्हा पाहिले असते तर तिथे गोळीबाराची रांग कुठे होती, हे सांगता आले असते. आज ती टेबलावर कागद दाबायच्या कामी येते.

पुंगळी निरुपद्रवी असते, गोळा नसतो. लार्कहिलच्या उत्खननात शंभर वर्षांपूर्वीचे जिवंत हातबॉम्ब निघाले होते. नगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या परिसरात भंगारासाठी गोळे वेचताना माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तेव्हा गंजलेले, गोलसर, जड असे काही दिसले तर हात लावू नका, पायाने ढकलूनही पाहू नका. मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. सैन्याची हद्द असेल तर परवानगीवाचून आत शिरूच नका.

या अभ्यासासाठी पदवी लागत नाही. जुना नकाशा, वही, टेप आणि भरपूर सवड लागते. शेवटी एक मागणे आहे. तुमच्या घरात कोणी फौजेत असेल, किंवा चांदमारीलगतच्या गावात वाढलेले असेल, तर त्यांना सराव कुठे चाले, कोणत्या साली, तोफा कोणत्या टेकडीकडे तोंड करून असत, हे विचारा आणि लिहून ठेवा. टेकडीचे गावातले नाव आवर्जून लिहा. सरकारी नकाशावर ते बहुतेक नसते.