चित्रातली लढाई आणि फ्रेमबाहेरची लढाई

अमेरिकेत लढायांच्या चित्रांचा मोठा बाजार आहे. मूळ चित्रावरून ठरावीक प्रती छापतात, प्रत्येक प्रतीवर क्रमांक आणि चित्रकाराची सही असते. ही 'लिमिटेड एडिशन' मग फ्रेम करून दिवाणखान्यात लावली जाते. या बाजारात एक लढाई वारंवार भेटते, ती म्हणजे १८ जुलै १८६३ रोजीची फोर्ट वॅगनरची लढाई.

साउथ कॅरोलिनातील चार्ल्सटन बंदराजवळचा हा किल्ला गुलामी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील राज्यांच्या ताब्यात होता. त्याच्यावर चाल करून जाताना सर्वांत पुढे होती ५४ वी मॅसॅच्युसेट्स पलटण. या पलटणीचे सैनिक कृष्णवर्णीय होते आणि अधिकारी गोरे. सुमारे ६०० जण त्या संध्याकाळी पुढे गेले. त्यांपैकी २७२ जण ठार, जखमी किंवा कैद झाले. किल्ला त्या रात्री पडला नाही. पण 'काळा माणूस लढू शकत नाही' हा वर्णवर्चस्ववादी सिद्धांत मात्र तिथे कायमचा पडला.

शिकागोच्या कुर्झ अँड अॅलिसन या छापखान्याने १८९० मध्ये या लढाईचे रंगीत शिळाछापाचे चित्र काढले. नंतरच्या चित्रकारांनीही हाच प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला. तटावर कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ, जवळ फडकता झेंडा, भोवती निळ्या गणवेशातले कृष्णवर्णीय सैनिक. चित्र पाहून छाती भरून येते. पण समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला विचारावेसे वाटते, की या फ्रेमच्या बाहेर काय राहिले?

बाहेर राहिला पगार. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. या सैनिकांनाही तेच आश्वासन होते. प्रत्यक्षात त्यांना १० डॉलर देऊ केले आणि त्यातूनही ३ डॉलर कपड्यांचे कापायचे ठरले. म्हणजे हातात फक्त ७. पलटणीने काय केले? पगारच नाकारला! मॅसॅच्युसेट्स राज्य वरचा फरक भरून द्यायला तयार झाले, तर तेही नाकारले. प्रश्न सहा डॉलरांचा नव्हता, माणूस म्हणून बरोबरीचा होता. घरी बायकामुले हलाखीत असताना जवळजवळ दीड वर्ष हे सैनिक बिनपगारी लढले. शॉ स्वतः या प्रश्नावर आपल्या सैनिकांच्या बाजूने होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. अखेर जून १८६४ मध्ये अमेरिकन काँग्रेसला समान पगाराचा कायदा करावा लागला.

त्याआधी एक बळी गेला होता. दुसऱ्या एका कृष्णवर्णीय पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर याने याच अन्यायाविरुद्ध आपल्या तुकडीला शस्त्रे खाली ठेवायला लावली. बंडाचा आरोप ठेवून फेब्रुवारी १८६४ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. शत्रूने नव्हे, त्याच्याच सरकारने! त्याचे 'लिमिटेड एडिशन' कोणी काढत नाही.

वॅगनरवर झेंडा सावरणारा सार्जंट विल्यम कार्नी गुलामीत जन्मलेला होता. अनेक जखमा होऊनही त्याने झेंडा जमिनीला लागू दिला नाही. त्याला 'मेडल ऑफ ऑनर' हाती मिळाले १९०० साली, म्हणजे ३७ वर्षांनी. बोस्टनमध्ये १८९७ साली उभ्या राहिलेल्या स्मारकावर शहीद गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे होती. कृष्णवर्णीय शहिदांची नावे कोरायला १९८० चे दशक उजाडावे लागले.

आता आपल्या भिंतीकडे पाहू. आपल्याकडे कोरेगाव भीमाच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईची चित्रे, पोस्टर, स्टेटस असतात. विजयस्तंभावर 'नाक' लावलेली २२ नावे आहेत. बोस्टनला जे व्हायला शतक लागले, ते इथे आधीच दगडावर कोरलेले आहे. म्हणूनच १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. तो अभिमान आपला हक्क आहे. पण पोस्टरवर आपण थांबतो, तिथेच घोळ होतो. मग विरोधक '५०० की ८००, २८ हजार की कमी' या आकड्यांच्या खेळात आपल्याला गुंतवतो आणि आपण गुंततो.

फ्रेमबाहेरचा इतिहास काय सांगतो? ज्यांच्या रक्तावर कंपनी सरकार उभे राहिले, त्याच महारांची लष्करभरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बंद केली. 'लढाऊ जाती'चा सिद्धांत पुढे केला. गरज होती तेव्हा शूर, गरज संपली तेव्हा अस्पृश्य! त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात महारांची पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, ती बाबासाहेबांच्या अथक पाठपुराव्यामुळे. या अर्जांची चित्रे कोणी काढली नाहीत. पण आपली चळवळ तलवारीइतकीच या अर्जांतून जन्मली आहे.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले, कारण दोन्ही समाजांचे प्रश्न त्यांना एकमेकांजवळचे दिसत होते. हे साम्य आजही संपलेले नाही. आपल्याच वस्तीतला कंत्राटी सफाई कामगार कायम कामगाराच्या शेजारी तोच झाडू मारतो, त्याच गटारात उतरतो आणि कमी पैसे घेऊन घरी येतो. हा १३ आणि ७ डॉलरांचाच हिशेब नव्हे काय?

मित्रांनो, शौर्याचे चित्र जरूर लावा. पण येत्या १ जानेवारीला स्तंभाला मानवंदना देऊन परत याल, तेव्हा वस्तीतल्या एका कंत्राटी कामगाराची पगारचिठ्ठी त्याच्याजवळ बसून वाचा. किमान वेतन मिळते का, भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, विचारा. नसेल तर त्याच्यासोबत अर्ज लिहा. वलंगकर आणि कांबळे यांनी नेमके हेच केले होते.

जय भीम! जय भारत!